पिशवीवरचा मोर

अपेक्षाचं काही चांगलं झालं की आलियाचं डोकं दुखायला लागायचं, हे तिच्या अब्बांना फार पूर्वीच कळलं होतं. हाफीजभाई तांबोळी कमी बोलणारे. लेक दुकानातल्या खुर्चीवर बसून कपाळ दाबायला लागली की शाईच्या डब्याचं झाकण लावता लावता ते विचारत, "काय, पेपरात फोटू आला काय तुझ्या मैत्रिणीचा?"

"थिनरच्या वासानं दुखतंय, अब्बा."

थिनरच्या वासातच ती लहानाची मोठी झाली होती.

पौडच्या बाजारपेठेत तांबोळ्यांचं दुकान आहे. आजोबांपर्यंत तिथं पानं विकली जायची. हाफीजभाईंनी पुण्यातल्या एका कारखान्यात स्क्रीन प्रिंटिंग शिकून पानाच्या टोपल्या हलवल्या आणि लाकडी चौकटी आणल्या. चौकटीवर ताणलेली रेशमासारखी जाळी, जाळीवर शाई, शाईवरून रबराची पट्टी ओढली की खाली अक्षर उमटतं. लग्नपत्रिका, आहेराची पाकिटं, पेढ्याचे खोके, कापडदुकानांच्या पिशव्या. मुळशीत जमिनीला भाव आला तसं कामाचं रूप पालटलं. पूर्वी पत्रिकेवर एक गणपती आणि केळीचे दोन खांब असले की लग्न लागायचं. आता पत्रिकेचा डबा आला, डब्यात काजू आले. जावळालासुद्धा पाहुण्यांना वाटायला पिशव्या, पिशवीवर बाळाचा फोटो, बाळाच्या डोळ्यांवर गॉगल. आलिया ते सगळं नीट छापायची. रंगावर रंग असा बसवायची की केसाएवढी फट दिसू नये. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, मशीनवानी काम हाय तुमचं." ही स्तुती तिला कशी लागते ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं.

शाळेत ती आणि अपेक्षा एका बाकावर. अपेक्षा घोटावड्याच्या वाटेवरच्या हैबतरावांची मुलगी. घरी जमीन, म्हशी आणि भाऊबंदकी. दोघींनी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा एकत्र दिल्या. वस्तुचित्राला तांब्या, कांदा, घडी घातलेलं फडकं असं काहीतरी समोर मांडलेलं असायचं. अपेक्षाचा तांब्या पाटावर कधी बसलाच नाही, तो हवेत तरंगायचा. सरावाला आलियाच खोडरबर घेऊन तो खाली बसवून द्यायची. निकाल लागला तेव्हा आलियाला ए श्रेणी आणि अपेक्षाला सी. हैबतराव स्वतः पेढे घेऊन दुकानात आले होते, आणि म्हणाले होते, "हाफीजभाई, तुमच्या पोरीच्या हातात सरस्वती हाय." आलियाला ते वाक्य पाठ होतं. ती ते कोणाला म्हणून दाखवत नसे, पण भाकरी थापताना, स्कूटर चालवताना ते आपोआप आत वाजायचं.

बारावीनंतर हैबतरावांनी डोंगरापल्याडचा एक तुकडा विकला आणि अपेक्षा चित्रकला शिकायला पुण्याला गेली, पुढं बडोद्याला. आलियाचं लग्न झालं. कोणी जबरदस्ती केली असं म्हणायला जागा नाही. जुनैद चांगला होता, आजही आहे. हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो, घरी आल्यावर स्वतःचा चहा स्वतः करून घेतो. तिनंच तेव्हा मनाशी म्हटलं होतं, हात तर माझाच आहे, तो कुठं जातोय? सासर पिरंगुटला, दुकान पौडला, मधे स्कूटरचा रस्ता. सगळं जागच्या जागी होतं. मग एके दिवशी मोबाइलवर अपेक्षाचं छापचित्र दिसलं: गोठ्यात ठेवलेला फ्रीज, भडक गुलाबी, आणि त्याखाली शेकडो लोकांनी टाकलेले बदाम. फ्रीज तिरका होता. तो जमिनीवर बसलेला नव्हता, तरंगत होता. आलियानं ते चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं, आणि त्या दिवशी तिचं डोकं पहिल्यांदा दुखलं.

गेल्या दिवाळीनंतर अपेक्षा स्वतः दुकानात आली. आता ती बावधनला राहते. केस कापलेले, कानात पितळेचे मोठे झुमके, पण आत येता येता तिनं चपला जुन्या सवयीनं बाहेर काढल्या.

"चाचा, ओळखलंत का?"

"तुला न वळखून कुटं जाऊ? बस. च्या सांगतो."

तिनं एक कागद उलगडला. पाचशेची नोट, जवळजवळ दरवाजाएवढी, आणि नोटेवरच्या गोलात म्हशीचं तोंड. "ही छापायची आहे, चाचा. बडोद्याला छापून घेता आली असती, पण मला ही इथंच छापायचीय. तुमच्या शाईत."

हाफीजभाईंनी चष्मा लावला, काढला. "नोट छापायची न्हाई."

"खरी थोडीच आहे? म्हैस आहे बघा ना."

"म्हैस असू दे न्हाईतर उंट असू दे. नोटंवानी दिसतंय ना? बास. छापखानेवाल्यानं दोन गोष्टी करायच्या न्हाईत. एक नोट छापायची न्हाई, आन् दुसरी, आपलं नाव न टाकता माल भाईर सोडायचा न्हाई."

अपेक्षा हसली. आलियाही हसली, पण तिला मनातून बरं वाटलं, कोणीतरी अपेक्षाला नाही म्हणालं म्हणून. हे बरं वाटणं चहा येईपर्यंतच टिकलं.

कारण अपेक्षा पंधरा दिवसांत परत आली. यावेळी मोठ्या जाड कागदावर चाळीस चौकोन होते. "एकराचे गुंठे किती? चाळीस. म्हणून चाळीस चौकोन," ती सांगत होती. "एकेका गुंठ्याचं आमच्या घरात काय काय झालं, तेवढंच काढायचं. एका कागदावर चाळीस फ्रीज. दुसऱ्यावर चाळीस गाड्या. दादानं घेतली ना, ती, काळ्या काचांची. आणि ही तिसरी."

तिसऱ्या कागदावर चाळीस पिशव्या होत्या. सगळ्या सारख्या, कापडदुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, आणि प्रत्येक पिशवीवर एक मोर. रंग ओळीगणिक बदलत गेलेले: वरती हळदीसारखा पिवळा, मग केशरी, मग राणी रंग, आणि सर्वांत खाली डोळ्यांना टोचेल असा हिरवा.

"आजीची पिशवी," अपेक्षा म्हणाली. आजी म्हणजे चंद्राबाई, हैबतरावांची आई. "जमिनीचे पैसे आले तेव्हा सगळ्यांनी काही ना काही मागितलं. आजीला विचारलं, तुला काय हवं? तर तिनं ही पिशवी पुढं केली. म्हणाली, हिचा बंद तुटलाय, तेवढा शिवून आणा."

आलिया मोराकडे पाहत होती. मान मागं वळवलेली, एक पाय उचललेला, पिसारा एका बाजूनं आखूड. आखूड यासाठी, की सौभाग्य वस्त्र भांडारच्या शेटजींना तिथं फोन नंबर टाकायचा होता. ती दहावीत होती. शाळेमागच्या माळावर मोर यायचे. दप्तर डोक्याशी घेऊन ती तिथं पालथी पडून राहायची. तो मोर तिनं काढला होता. अब्बांनी तो सहज बघितला आणि म्हणाले, हाच टाकू पिशवीवर. त्या पिशव्या पार लवासाच्या रस्त्यापर्यंत घरोघर गेल्या. माणसांनी त्यांत औषधं ठेवली, सातबारे ठेवले, भाकरी बांधून नेल्या. मग प्लॅस्टिकच्या पिशव्याच बंद झाल्या आणि मोर तिच्याही डोक्यातून गेला.

"कुणी काढलाय कोण जाणे," अपेक्षा म्हणाली. "कुठल्या तरी जुन्या पुस्तकातून उचललेला असणार. पण बघ ना कसा उभा आहे! जशी काही सगळी जमीन त्याचीच."

आलिया म्हणाली, "बरा हाय."

तेव्हाच सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण जिनं इतकी वर्षं आपल्या शेजारी बसून आपला हात पाहिला, तिनं तो न सांगता ओळखावा, एवढीच आलियाची मागणी होती, आणि ही मागणी तोंडानं करता येत नाही. सांगून ओळखलं तर त्यात काय राहिलं?

छपाईला आठवडा लागला. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. एक वाळला की दुसरा. पट्टी ओढताना आलिया प्रत्येक मोराला नजरेनं हात लावत होती, आणि जसजसे रंग चढत गेले तसतसं तिला एक गोष्ट मान्य करावी लागली, जी ती कोणाला सांगणार नव्हती. चित्र चांगलं होतं. एकटा मोर पिशवीवर होता तेव्हा तो नुसता मोर होता. चाळीस एकत्र आले तेव्हा त्यांच्याकडे बघून हसू यायचं आणि मग हसू मधेच थांबायचं. तिला हे कधी सुचलं नसतं. मोर तिचा होता, आणि तरी तिला सुचलं नसतं. अपेक्षाचा तांब्या तरंगायचा हे खरं, पण कुठला तांब्या उचलायचा हे तिला कळत होतं. आलियाला वाटलं, तिच्याजवळ असलेलं सगळं माझ्याजवळ असतं तर? आणि लगेच दुसरा विचार आला, हे काही घरच्या जमिनीच्या पैशातून येत नाही. हा दुसरा विचार जास्त दुखत होता.

शेवटची चौकट काळ्या रंगाची. चौकटीवर चित्र उतरवायची तिची फिल्म काढताना तिला दिसलं, की खऱ्या पिशवीच्या तळाशी बारीक अक्षरांत जी ओळ होती, ती अपेक्षानं संगणकावर पुसून टाकली होती. 'छपाई : तांबोळी, पौड' आणि अब्बांचा मोबाइल नंबर. पिशवी स्वच्छ दिसावी म्हणून पुसली असेल. आलियानं ती ओळ पुन्हा टाकली. प्रत्येक पिशवीखाली, चाळीस वेळा. कोणी विचारलं तर सवयीनं पडली म्हणून सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. माल नावाशिवाय बाहेर जात नाही, हा तर अब्बांचा नियमच होता. पण हात सवयीनं चालला नव्हता, हे तिचं तिला माहीत होतं. चित्र थोडं बिघडावं असं तिला वाटत होतं. फार नको, कोपऱ्यात शाईचं बोट लागावं तेवढंच.

अपेक्षा न्यायला आली तेव्हा कागद दोरीवर चिमट्यांनी वाळत होते. ती पहिल्या कागदाशी वाकली. आणखी वाकली. आलिया पट्टी धूत होती. तिनं नळ बंद केला नाही.

"ही ओळ..."

"सवयीनं पडली असंल."

अपेक्षानं शेजारचा कागद पाहिला, तिथंही ती ओळ होती. मग तिनं दोन्ही हात डोक्याला लावले. "अगं, हेच तर राहिलं होतं! मी महिनाभर बघतीये, काहीतरी कमी आहे, काहीतरी कमी आहे... फोन नंबरसकट! चाचा, बघा, तुम्ही चित्रात आलात!"

"बरं झालं," हाफीजभाई म्हणाले. "नावाबिगर माल म्हंजी बिनबापाचं पोर."

अपेक्षानं प्रत्येक कागदाच्या खाली पेन्सिलनं सही केली. आलियानं सूड म्हणून जे टाकलं होतं, तेही आता त्या सहीच्या वर, अपेक्षाचंच झालं होतं.

पुण्यात डेक्कनजवळच्या एका गॅलरीत प्रदर्शन लागलं आणि पौडला फोन सुरू झाले. हाफीजभाई फोन स्पीकरवर ठेवून शाई ढवळत.

"हॅलो, हा नंबर खरा आहे का?"

"खरा हाय की. बोला."

"म्हणजे तुम्ही खरंच आहात? चित्राचा भाग नाही?"

"किती पिशव्या पायजेत?"

"नाही, मी फक्त..."

"पाचशेच्या खाली आमी छापत न्हाई."

एका बाईनं फोन ठेवता ठेवता म्हटलं, "काय कमाल कल्पना आहे त्यांची!" त्यांची. आलियानं कपाळ दाबलं. अब्बांनी तिच्याकडे पाहिलं आणि यावेळी पेपरातल्या फोटोचं काही विचारलं नाही. म्हणाले, "त्यो मोर तुझा हाय ना? माझ्या ध्यानात हाय. तू सांगितलं का तिला?"

"न्हाई."

"मग कशावरनं कण्हतीयास?"

शनिवारी ती गेली. जुनैदनं गाडीनं सोडलं, चांदणी चौकात अडकले तेव्हा तो म्हणाला, "भांडायला चाललीस का बघायला?" ती म्हणाली, "बघून ठरवते."

गॅलरी पांढरी, थंड, दिवे एकेका चित्रावर. फ्रीजपाशी दोन माणसं, गाड्यांपाशी कोणी नाही, आणि मोरांपुढं गर्दी. अपेक्षा मध्ये उभी राहून सांगत होती, "हा मोर कोणाचाच नाही, म्हणून तो सगळ्यांचा आहे..." आलियाला तेवढं ऐकू आलं आणि पुढचं ऐकू आलं नाही. गर्दीतून वाट काढत ती पुढं गेली, आणि पौडला बाजारात बोलावं तशा आवाजात बोलली.

"माझा हाय."

"काय गं?"

"मोर. माझा हाय त्यो. दहावीत काढलेला. शाळंमागच्या माळावर."

सगळे वळले. अपेक्षानं तिच्याकडे पाहिलं, मग मोराकडे, मग पुन्हा तिच्याकडे. चेहऱ्यावर आधी काही नव्हतं. मग हळूहळू लाली चढली, थेट कानांपर्यंत.

"पायाचं नख," ती हळू आवाजात म्हणाली. "तू पक्ष्यांची नखं अशीच काढायचीस. आत वळवून. मला कसं दिसलं नाही?"

"तेच इचारायला आले."

"आणि तू आठवडाभर छापत होतीस, तेव्हा का बोलली नाहीस?"

"तुला कळंल म्हणून."

अपेक्षा लपवणारी असती तर तिच्यावर रागावणं सोपं गेलं असतं. पण तिनं आलियाचं मनगट धरलं, तिला दिव्याखाली ओढलं आणि मोठ्यानं सांगितलं, "ऐका. मी आत्ता जे बोलले ते चूक होतं. हा मोर हिनं काढलाय. आलिया तांबोळी. छापलाय पण हिनंच. आणि खालची ओळ पण हिनंच टाकलीये." टाळ्या वाजल्या. कोणीतरी फोटो काढला. अपेक्षानं पेन्सिल तिच्या हातात दिली आणि गॅलरीतल्या माणसाला चित्र उतरवून त्याची काच काढायला सांगितली. आलियानं सहीशेजारी सही केली. नाव पूर्ण लिहिलं.

जे हवं होतं ते मिळालं होतं. तेवढ्यात पांढरी दाढी असलेल्या एका गृहस्थांनी अगदी आपुलकीनं विचारलं, "मॅडम, सध्या काय काढताय?"

सध्या. आलियानं तोंड उघडलं. बाळाच्या डोळ्यांवरचे गॉगल. काजूचा डबा. केळीचे खांब, तेही नेटवरून उतरवून घेतलेले. हात तर माझाच आहे, तो कुठं जातोय, असं म्हणून तिनं ज्या हातावर भरवसा टाकला होता त्यानं इतक्या वर्षांत स्वतःहून एक रेघ ओढली नव्हती. ती म्हणाली, "चालू आहे." गृहस्थ मान डोलावून पुढच्या चित्राकडे गेले.

गाडीत बसल्यावर जुनैदनं विचारलं, "झालं समाधान?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. समाधान व्हायला हवं होतं. पण मत्सर गेला नव्हता, त्यानं फक्त घर बदललं होतं. आता अपेक्षा नव्हती त्याच्या पुढ्यात. माळावर दप्तर टाकून पालथी पडलेली ती पोर होती, जिला कोणी मोर मागितला नव्हता आणि तरी जिनं तो काढला होता. तिचा हेवा कसा करायचा, आणि तिच्याकडून परत काय मागायचं, हे आलियाला सुचेना.

सोमवारी दुकानात वाल्मीक आला. पिरंगुटच्या पुढं त्याचं मटण-भाकरीचं हॉटेल आहे. शनिवार-रविवार हिंजवडीची पोरं रांगा लावतात. पार्सलच्या कापडी पिशव्या हव्या होत्या.

"हजार कर. वर हॉटेलाचं नाव आन् मधी बोकड. एकदम डॅशिंग."

हाफीजभाईंनी संगणकाकडे बोट दाखवलं. "नेटवर लई हायेत. त्यातला निवड."

"थांबा," आलिया म्हणाली. "तुमच्याकडं हाय का बोकड?"

"हाय की, मागल्या अंगणात दोन हायेत. का? तुला मटण पायजे?"

"बघायचाय."

"बोकडात काय बघायचं, ताई? चार पाय, दोन शिंगं."

"तरी बघते. चार दिवस द्या मला."

"चार दिवस! अगं, बोकड तवर ऱ्हाईल का?"

अब्बांनी तिच्या जागी जाऊन पट्टी हातात घेतली.

दुपारी ती हॉटेलच्या मागच्या अंगणात, पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसली होती. मांडीवर पत्रिकांचे उरलेले कागद, पाठकोरे. बोकड काळा, दाढीवाला, एका डोळ्यानं तिच्याकडे बघत कोबीची पानं खात होता. पहिला कागद वाया गेला. दुसऱ्यावर पाय आले, ते लाकडाचे. तिसऱ्यावर बोकड जमिनीवर बसलाच नाही. तिनं खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तरंगला. तिला राग आला, आणि रागाच्या तळाशी थोडी लाजही. फोन वाजला. अपेक्षा.

"काय करतीयेस? वाल्मीकदादाकडं बसलीस म्हणे. चाचा म्हणाले, बोकड काढतीयेस. खरंच? मी येऊ बघायला? अर्ध्या तासात पोचते."

"नको येऊस."

"का गं?"

बोकडानं मान फिरवली. आलियानं पेन्सिल उचलली आणि फोन खांद्यात धरला.

"तू नुसतं बघितलंस तरी ते तुझं होतं, अपेक्षा. आधी माझा होऊ दे."

अपेक्षा म्हणाली, "बरं," आणि तिच्या त्या 'बरं'मध्ये काय होतं हे ऐकायला आलियाला सवड नव्हती, कारण बोकड उठून उभा राहत होता, आधी मागचे पाय, मग पुढचे, आणि त्याचं ते उठणं कागदावर पकडायचं तर आत्ताच पकडायला हवं होतं.